परक्यास आपले म्हणणाऱ्या पेशी

मूत्रपिंडारोपणाची शस्त्रक्रिया पार पडून रुग्ण घरी आला, प्रकृती सावरली, तो पुन्हा दुकानाच्या गादीवर बसू लागला, म्हणजे काही महिन्यांनी घरात एक प्रश्न हमखास निघतो. आईने, भावाने अथवा पत्नीने आपले मूत्रपिंड दिलेले असते. ते उत्तम काम करीत असते. रक्ताचे अहवाल समाधानकारक असतात. अशा वेळी घरातील एखादे वडीलधारे माणूस विचारते, "आईचेच मूत्रपिंड आहे, आता ते अंगाला लागले, मग या गोळ्या आणखी किती दिवस?" डॉक्टरांनी सांगितलेले उत्तर "जन्मभर" असे असते, आणि ते ऐकून सर्वांचाच चेहरा उतरतो.

प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु त्याचे उत्तर शोधता शोधता वैद्यकशास्त्राची सत्तर वर्षे खर्ची पडली आहेत. २०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या शोधास मिळाले, तो शोधही या प्रश्नाच्या अगदी मुळाशी जाऊन भिडतो. आपल्या सभासदांपैकी काहींच्या घरी हा प्रसंग येऊन गेला असेल, काहींच्या घरी पुढे येईल. म्हणून परका अवयव शरीर का नाकारते, कोणत्या पेशी त्यास नाकारतात, आणि कोणत्या पेशी त्यास सांभाळून घेऊ शकतात, हे शक्य तितक्या सोप्या रीतीने सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

आईचे मूत्रपिंड आणि जुळ्या भावाचे मूत्रपिंड

१९५२ सालच्या डिसेंबर महिन्यात पॅरिस येथील नेकर रुग्णालयात सोळा वर्षांचा एक मुलगा मृत्यूशी झुंजत होता. उंचावरून पडून त्याच्या मूत्रपिंडास जबर इजा झाली होती व ते काढून टाकावे लागले होते. त्यानंतर ध्यानात आले की त्याला जन्मतः एकच मूत्रपिंड होते. आईने आपले एक मूत्रपिंड देण्याचा आग्रह धरला. डॉ. ज्याँ आंबुर्जे व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाताळच्या सुमारास ते मुलाच्या शरीरात बसविले. ते काम करू लागले, मुलाच्या प्रकृतीस उतार पडला, आणि सुमारे तीन आठवडे सर्व काही सुरळीत चालले. मग ते मूत्रपिंड बंद पडले आणि मुलगा दगावला. शस्त्रक्रियेत दोष नव्हता. आईच्या देण्यात तर नव्हताच नव्हता.

त्यानंतर दोन वर्षांनी, २३ डिसेंबर १९५४ रोजी, अमेरिकेतील बॉस्टन शहरी पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात डॉ. जोसेफ मरे यांनी तेवीस वर्षांच्या एका तरुणास त्याच्या जुळ्या भावाचे मूत्रपिंड बसविले. दोघे भाऊ एकाच बीजापासून झालेले आहेत याची खात्री करून घेण्यासाठी आधी एकाच्या त्वचेचा तुकडा दुसऱ्याच्या अंगावर लावून पाहण्यात आला होता. तो टिकला होता. मूत्रपिंडही टिकले. प्रतिकारशक्ती दडपणारे कोणतेही औषध न घेता तो तरुण पुढे आठ वर्षे जगला; त्याने विवाह केला, संसार थाटला. मूत्रपिंड देणारा भाऊ तर त्यानंतर छपन्न वर्षे जगला. या कार्याबद्दल डॉ. मरे यांना १९९० साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

आईचे मूत्रपिंड तीन आठवडे टिकले, जुळ्या भावाचे आठ वर्षे. या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. शरीर माया ओळखत नाही, नातेही ओळखत नाही. ते फक्त खूण ओळखते.

पेशींवरील मार्का

व्यापारी आपल्या गासडीवर मार्का मारतो, म्हणजे गुदामात शंभर व्यापाऱ्यांचा माल एकत्र पडला तरी कोणती गासडी कोणाची हे हमालासही कळते. निसर्गाने असाच एक मार्का आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीवर मारून ठेवला आहे. शास्त्रज्ञ त्यास एचएलए म्हणतात. तो एक शिक्का नसून अनेक शिक्क्यांचा संच असतो, आणि प्रत्येक शिक्क्याचे जगात असंख्य प्रकार आढळतात. त्यामुळे दोन अनोळखी माणसांचे संच तंतोतंत जुळणे अतिशय दुर्मीळ असते.

हा संच अर्धा आईकडून व अर्धा वडिलांकडून येतो. म्हणूनच आई आणि मूल यांच्यात साधारणपणे अर्धे साम्य असते आणि अर्धा भाग परका असतो. सख्ख्या भावंडांत हिशेब निराळा आहे. दोन भावंडांचे संच पूर्णपणे जुळण्याचा संभव चारांत एक, अर्धे जुळण्याचा चारांत दोन, आणि मुळीच न जुळण्याचा चारांत एक. एकबीज जुळ्यांत मात्र सर्वच वारसा सारखा, म्हणून परकेपणाचा प्रश्नच उरत नाही. भावंडांचा एचएलए संच पूर्ण जुळला तरी इतर लहानसहान खुणांत फरक राहतोच, आणि म्हणून अशा रुग्णासही औषधे घ्यावीच लागतात.

पहारेकरी पेशी

मार्का असून उपयोग काय, जर तो तपासणारा कोणी नसेल? हे तपासणीचे काम रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट नावाच्या पेशी करतात. त्यांचे दोन मुख्य वर्ग आहेत. बी पेशी प्रतिपिंडे नावाची द्रव्ये तयार करून रक्तात सोडतात व ती परक्या वस्तूस जाऊन चिकटतात. टी पेशी स्वतः जाऊन झडती घेतात. त्यांतील काही हुकूम देणाऱ्या असतात, काही प्रत्यक्ष प्रहार करणाऱ्या असतात.

टी पेशींचा जन्म हाडांतील मज्जेत होतो, परंतु त्यांचे शिक्षण छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या लहानशा ग्रंथीत होते. या ग्रंथीचे महत्त्व जाक मिलर या शास्त्रज्ञाने १९६१ साली दाखवून दिले; तोवर ती निरुपयोगी समजली जात असे. या शाळेची परीक्षा फार कडक असते. जी टी पेशी शरीराच्या स्वतःच्या खुणांवरच जोराने धावून जाते, तिला तेथेच नष्ट केले जाते. जी पेशी शरीराचा मार्का ओळखूच शकत नाही, तीही गळते. शिकावयास आलेल्या बहुतेक पेशी या परीक्षेत बाद होतात आणि अगदी थोड्या बाहेर पडतात.

आता परके मूत्रपिंड शरीरात बसविल्यावर काय घडते ते पाहू. त्या मूत्रपिंडाबरोबर दात्याच्या काही फिरत्या पेशी, ज्यांस डेंड्रायटिक पेशी म्हणतात, रुग्णाच्या शरीरात येतात. त्या रुग्णाच्या लसीकाग्रंथींत, म्हणजे काखेत वा जांघेत सुजल्यावर आपल्या हातास लागतात त्या जातीच्या गाठींत, जाऊन पोहोचतात. तेथे रुग्णाच्या टी पेशी जमलेल्या असतात. परका मार्का दिसताच त्या सावध होतात. पण टी पेशी केवळ एका इशाऱ्यावर हल्ला करीत नाही. मार्का ओळखणे हा पहिला इशारा. धोका खरा आहे असे सांगणारा दुसरा इशाराही मिळावा लागतो. दोन्ही मिळाले म्हणजे ती इंटरल्यूकिन-२ नावाचे द्रव्य सोडते, आणि त्या द्रव्यावर पोसून एका पेशीच्या हजारो पेशी होतात. त्यांची फौज मूत्रपिंडात शिरते. बी पेशी प्रतिपिंडे सोडू लागतात व ती मूत्रपिंडातील बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरास चिकटतात. लघवी कमी होते, रक्तातील क्रिएटिनिन चढते. पॅरिसच्या त्या मुलाच्या शरीरात तीन आठवड्यांनी हेच झाले होते.

अर्थात या पेशींस दोष देता येत नाही. याच पेशी क्षयाच्या जंतूंपासून व नाना विषाणूंपासून आपले रक्षण करतात. त्या आपले नेमून दिलेले काम चोख बजावीत असतात. अडचण इतकीच की उपकार करण्यास आलेला पाहुणा व घर फोडण्यास आलेला चोर यांतील भेद त्यांस कळत नाही.

पांढऱ्या ठिपक्याचा तपकिरी उंदीर

नकार देणे हे प्रतिकारशक्तीचे शिकलेले काम आहे, ही गोष्ट ध्यानात आली ती दुसऱ्या महायुद्धात. ग्लासगो येथे भाजलेल्या एका स्त्रीच्या अंगावर तिच्या भावाच्या त्वचेचे तुकडे लावण्यात आले. ते काही दिवसांनी गळून पडले. पुन्हा भावाचीच त्वचा लावली, तर ती पहिल्यापेक्षा लवकर नष्ट झाली. शस्त्रवैद्य टॉमस गिब्सन व प्राणिशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९४३ साली यावरून निष्कर्ष काढला की शरीराने पहिल्या वेळी त्या त्वचेची ओळख लक्षात ठेवली आहे. स्मरण ठेवणे हा प्रतिकारशक्तीचा गुण होय.

तिकडे अमेरिकेत रे ओवेन यांना १९४५ साली गुरांमध्ये एक चमत्कारिक गोष्ट आढळली. गाईच्या पोटातील जुळ्या वासरांचा रक्तप्रवाह पुष्कळदा एकमेकांत मिसळलेला असतो. अशी वासरे दोन निराळ्या बीजांपासून झालेली असली तरी मोठेपणी प्रत्येकाच्या अंगात दोघांच्याही रक्तपेशी सुखाने नांदत असतात. ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ मॅकफार्लेन बर्नेट यांनी यावरून असे अनुमान केले की आपले कोणते व परके कोणते हे शरीर जन्मापूर्वी शिकते. त्या काळात जे समोर येईल त्यास ते आपले मानते.

हे अनुमान मेडावर, रूपर्ट बिलिंगहॅम व लेस्ली ब्रेंट यांनी १९५३ साली प्रयोगाने सिद्ध केले. तपकिरी जातीच्या उंदरांच्या पोटातील गर्भांस त्यांनी पांढऱ्या जातीच्या उंदरांच्या पेशी टोचल्या. ते गर्भ जन्मून मोठे झाल्यावर पांढऱ्या उंदराची त्वचा त्यांच्या अंगावर लावली, तर कित्येकांच्या अंगावर ती टिकली. तपकिरी उंदराच्या अंगावर पांढऱ्या केसांचा ठिपका डौलाने मिरवू लागला. मग त्यांनी आणखी एक प्रयोग केला. पांढऱ्या जातीविरुद्ध तयार झालेल्या, परंतु तपकिरी जातीच्याच दुसऱ्या उंदराच्या लसीकाग्रंथींतील पेशी या सहिष्णू उंदरास टोचल्या. महिनोन्‌महिने टिकलेला तो पांढरा ठिपका नष्ट झाला. याचा अर्थ असा की त्वचेचे परकेपण कधीच गेले नव्हते. बदल झाला होता तो यजमानाच्या पेशींत. बर्नेट व मेडावर यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. मूत्रपिंड "अंगाला लागले" असे आपण म्हणतो, परंतु मूत्रपिंडाचा मार्का वीस वर्षांनीही दात्याचाच राहतो. टिकाव लागतो की नाही हे सर्वस्वी पहारेकऱ्यांच्या वृत्तीवर अवलंबून असते.

औषधांचा मार्ग

गर्भावस्थेतील उंदरास शिकविणे निराळे, आणि चाळिशीतील माणसाच्या मुरलेल्या पेशींस शिकविणे निराळे. रुग्ण तर दाराशी खोळंबलेले होते. म्हणून वैद्यांनी दुसरा मार्ग धरला : पहारेकऱ्यांस शिकविता येत नसेल तर त्यांचे बळ कमी करावे. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ॲझाथायोप्रिन हे औषध स्टेरॉइडच्या जोडीने वापरात आले व जुळे नसलेल्या दात्यांची मूत्रपिंडेही टिकू लागली. भारतात पहिले यशस्वी मूत्रपिंडारोपण वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली झाले, ते याच औषधांच्या युगात.

पुढे नॉर्वेच्या पठारावरील मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन निघाले. केंब्रिज येथे रॉय कान यांनी १९७८ साली ते मूत्रपिंडाच्या रुग्णांस प्रथम दिले. त्यापूर्वी मृत दात्याचे मूत्रपिंड वर्षभर टिकण्याचे प्रमाण सुमारे निम्मे होते, ते ऐंशी टक्क्यांच्या आसपास गेले. १९८४ साली जपानमधील त्सुकुबाच्या मातीतील जंतूपासून टॅक्रोलिमस मिळाले, आणि आज बहुतेक रुग्णांच्या उपचाराचा तोच आधार आहे. ही दोन्ही औषधे टी पेशीस इंटरल्यूकिन-२ बनवू देत नाहीत. फौजेची रसद तोडावी, तसा हा प्रकार आहे.

तथापि या मार्गाची किंमत मोठी आहे. औषधाला चोर व पाहुणा यांतील भेद कळत नाही. ते सर्वच पहारेकऱ्यांस सुस्त करते. त्यामुळे क्षय, बुरशीचे रोग व एरवी निद्रिस्त राहणारे विषाणू यांस संधी मिळते. त्वचेचा व लसीकाग्रंथींचा कर्करोग होण्याचा संभव वाढतो. टॅक्रोलिमसमुळे कित्येकांस मधुमेह जडतो. सर्वांत खेदाची गोष्ट म्हणजे, सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस ज्या मूत्रपिंडास वाचवितात, त्यासच वर्षानुवर्षे थोडी थोडी इजाही पोहोचवितात. खर्चाचा भार वेगळाच. हे सर्व पाहता औषधांवाचून मूत्रपिंड टिकविण्याची विद्या साधावी, ही आकांक्षा शास्त्रज्ञांनी कधीच सोडली नाही.

पहारेकऱ्यांना आवरणाऱ्या पेशी

येथवरच्या हकीकतीत एक उणीव होती. थायमसची परीक्षा कितीही कडक असली तरी तिच्यातून काही चुकार पेशी निसटतातच. निरोगी माणसाच्या रक्तातही स्वतःच्या शरीरावर हल्ला करू शकतील अशा टी पेशी सापडतात. मग त्या गप्प का राहतात? त्यांना कोणी आवरीत असावे असे काहींना वाटे, परंतु ती आवरणारी पेशी नेमकी दाखविता येईना. १९८० नंतरच्या दशकात तर ही कल्पनाच बहुतेकांनी टाकून दिली.

जपानचे शिमोन साकागुची यांनी मात्र तिचा पाठपुरावा सोडला नाही. १९९५ साली त्यांनी दाखवून दिले की हुकूम देणाऱ्या टी पेशींमध्येच एक लहानसा गट असा आहे, ज्याच्या अंगावर सीडी-२५ ही खूण ठळकपणे असते. हा गट वगळून उरलेल्या टी पेशी, ज्यांस स्वतःच्या टी पेशी नाहीत अशा उंदरांस दिल्या, तर त्या उंदरांचे शरीर स्वतःवरच उलटले व परकी त्वचाही अधिक त्वेषाने नाकारू लागले. वगळलेला गट वेळीच परत दिला, तर शरीर स्वतःवर उलटण्याचे टळले. या पेशींस नियंत्रक टी पेशी असे नाव पडले. रक्तातील हुकूम देणाऱ्या टी पेशींत त्यांचे प्रमाण शेकडा पाच ते दहा इतकेच असते.

दुसरे टोक अमेरिकेत सापडले. तेथे १९४० नंतरच्या दशकापासून उंदरांची एक रोगट जात सांभाळलेली होती. तिच्यातील नर पिल्लांची कातडी खपल्यांनी भरून जाई व ती काही आठवड्यांत मरत. मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ साली या रोगाचे मूळ असलेले जनुक शोधून काढले; त्यास फॉक्सपी-३ म्हणतात. लहान मुलग्यांना होणारा एक दुर्मीळ व प्राणघातक रोग याच जनुकाच्या बिघाडाने होतो, हेही सिद्ध झाले. दोन वर्षांनी साकागुची यांनी व इतरांनी दाखविले की नियंत्रक टी पेशी घडविणारे जनुक ते हेच. या तिघांना २०२५ सालचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

नियंत्रक पेशी आपले काम कसे करतात? त्या कोणास ठार मारीत सुटत नाहीत. हल्लेखोर पेशींस लागणारे इंटरल्यूकिन-२ त्या स्वतःच शोषून घेतात. डेंड्रायटिक पेशीवरील दुसऱ्या इशाऱ्याची खूण त्या जणू खुडून नेतात, म्हणजे टी पेशीस पहिला इशारा मिळतो पण दुसरा मिळत नाही, आणि ती नरम पडते. शिवाय आसपासचा क्षोभ शमविणारी द्रव्ये त्या सोडतात. बाजारात दोन पक्षांत हमरीतुमरी सुरू झाली असता जुना जाणता माणूस मध्ये पडून प्रकरण मिटवितो, त्यातलाच हा प्रकार.

या पेशींचे स्वाभाविक कार्य पाहावयाचे असेल तर गर्भारपणाकडे पाहावे. गर्भाचा अर्धा वारसा पित्याचा, म्हणजे मातेच्या शरीरास परका. तरीही ती त्यास नऊ महिने जतन करते. हे कसे घडते, असा प्रश्न मेडावर यांनी १९५३ सालीच विचारला होता. आज आपणांस ठाऊक आहे की त्या काळात मातेच्या शरीरात नियंत्रक टी पेशी वाढतात व गर्भाच्या रक्षणात त्यांचा मोठा वाटा असतो. परक्यास सांभाळून घेण्याची शक्ती शरीरात मुळातच आहे. ती मूत्रपिंडासाठी कशी जागी करावी, एवढाच प्रश्न उरतो.

माणसांवरील प्रयत्न

या दिशेने दोन मार्गांनी काम चालू आहे. पहिला मार्ग ओवेन यांच्या वासरांवरून सुचलेला : दात्याच्या मूत्रपिंडाबरोबर त्याची अस्थिमज्जाही रुग्णास द्यावी, म्हणजे दोघांच्या रक्तपेशी काही काळ तरी एकत्र नांदतील. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील डॉक्टरांनी अर्ध्या जुळणाऱ्या नातेवाइकांची मूत्रपिंडे व अस्थिमज्जा देऊन केलेल्या पाच रुग्णांची हकीकत २००८ साली प्रसिद्ध केली. एकाचे मूत्रपिंड गेले. परंतु उरलेल्या चौघांची सर्व औषधे साधारण वर्षभरात बंद करता आली व मूत्रपिंडे चालू राहिली. यातील विशेष असा की दात्याच्या रक्तपेशी रुग्णांत थोडे आठवडेच टिकल्या होत्या. आरंभी नियंत्रक पेशींनी परिस्थिती सांभाळली, व पुढे दात्याविरुद्ध असणाऱ्या पेशीच विरळ झाल्या, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. पुढील वर्षांत अशा काही रुग्णांना औषधे पुन्हा सुरू करावी लागली, हेही सांगितले पाहिजे. स्टॅनफर्ड येथे पूर्ण जुळणाऱ्या भावंडांवर केलेल्या अशाच प्रयोगांत पुष्कळांची औषधे सुटली. परंतु अस्थिमज्जा स्वीकारण्यासाठी शरीर तयार करावयाचे, तर तीव्र औषधे वा किरणोपचार लागतात. हा मार्ग सर्वांस झेपणारा नव्हे.

आपल्या शेजारी गुजरातेत अहमदाबाद येथे डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी उभारलेल्या मूत्रपिंडरोग संस्थेतही या विषयावर बरीच वर्षे काम झाले. दात्याच्या अस्थिमज्जेतील व चरबीतील मूळपेशी रुग्णास देऊन औषधांची मात्रा किती कमी करता येते, हे पाहण्याचा तो प्रयत्न होता. औषधांचा खर्च ज्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे अशा रुग्णांच्या देशात या प्रयत्नाचे मोल वेगळे सांगावयास नको.

दुसरा मार्ग नियंत्रक पेशींचाच. रुग्णाच्या रक्तातून त्या वेगळ्या काढावयाच्या, प्रयोगशाळेत वाढवावयाच्या आणि आरोपणानंतर त्यासच परत द्यावयाच्या. युरोप व अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या अशा प्रयोगाचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. जिवंत दात्यांची मूत्रपिंडे मिळालेल्या ३८ रुग्णांस नियंत्रक टी पेशी अथवा त्यांच्यासारख्या इतर शामक पेशी देण्यात आल्या. औषधे कमी ठेवूनही नकाराचे प्रमाण नेहमीच्या रुग्णांइतकेच राहिले, विषाणूंचे संसर्ग कमी झाले, आणि कित्येकांस एकाच औषधावर ठेवता आले. आता नियंत्रक पेशींस दात्याचाच मार्का नेमका ओळखावयास शिकवून पाठविण्याचे प्रयोगही सुरू झाले आहेत. तसे साधले तर इतर सर्व पहारा जागा राहील आणि केवळ त्या एका मूत्रपिंडापुरती शांतता नांदेल.

घरातील प्रश्नाचे उत्तर

काही थोडे रुग्ण असेही आढळले आहेत, की ज्यांनी एखाद्या कारणाने औषधे सोडली आणि तरीही त्यांचे मूत्रपिंड वर्षानुवर्षे चालू राहिले. त्यांच्या रक्ताचा अभ्यास करता बी पेशींचा एक तरुण वर्ग त्यांच्यात अधिक असल्याचे २०१० साली दिसून आले. या बातम्या कानोकानी घरोघर पोहोचतात, आणि येथेच धोका आहे. अमुक रुग्ण औषधाशिवाय राहू शकेल हे आधी खात्रीने सांगणारी कसोटी आजही दवाखान्यात उपलब्ध नाही. औषध सोडणाऱ्यांपैकी बहुसंख्यांचे मूत्रपिंड जाते. बरे, ते एका दिवसात जात नाही. टी पेशी हळूहळू जाग्या होतात, प्रतिपिंडे साचू लागतात, रुग्णास काहीच जाणवत नाही. आणि क्रिएटिनिन चढलेले दिसते, तेव्हा भरून न येणारी हानी होऊन गेलेली असते. गोळ्या सोडूनही महिनाभर काही झाले नाही, म्हणून त्यांची गरज नव्हती असे समजणे ही फसवणूक आहे.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी. टॅक्रोलिमस ठरलेल्या वेळीच घ्यावे आणि रक्तातील त्याचे प्रमाण डॉक्टर सांगतील तेव्हा तपासून घ्यावे. ज्या घरांत सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नाहीत, अथवा पर्वकाळी निर्जळी उपवास होतात, त्यांनी ही गोष्ट आरंभीच डॉक्टरांस सांगावी. बारा तासांच्या अंतराच्या वेळा त्याप्रमाणे बसविता येतात. दिवसातून एकदाच सकाळी घ्यावयाचा प्रकारही मिळतो. आरोपण झालेल्या माणसाने निर्जळी उपवास डॉक्टरांच्या संमतीवाचून करू नये. क्षयावरील रिफॅम्पिसिनमुळे टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण एकदम उतरते, तर बुरशीवरील काही औषधांनी व ग्रेपफ्रूट, पपनस यांसारख्या फळांनी ते चढते. प्रतिकारशक्ती वाढविणारी म्हणून विकली जाणारी चूर्णे व काढे तर विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नयेत. ज्या पेशींस आपण आवरू पाहतो, त्यांनाच चेतविण्यात शहाणपणा नाही. आणि पैशाची अडचण असेल तर गोळी निम्मी करण्याऐवजी ती अडचण डॉक्टरांपाशी व आप्तांपाशी उघडपणे बोलावी.

आपल्या देशात १९९४ सालच्या कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला आहे. आईवडील, मुले, भावंडे, पती-पत्नी आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजीआजोबा व नातवंडे ही निकटची नाती मानली जातात. बहुतेक जिवंत दाते घरातलेच असतात. बाजारात ज्याचा भाव होऊ शकत नाही असे हे देणे आहे, आणि ते घेणाऱ्याच्या हाती ठेव म्हणून येते.

तेव्हा "या गोळ्या आणखी किती दिवस?" असे घरातील वडीलधाऱ्यांनी विचारले, तर त्यांना नम्रपणे सांगावे : मूत्रपिंड आईचे आहे हे आपल्याला ठाऊक आहे, पण मुलाच्या अंगातील पहारेकऱ्यांना ते अजून ठाऊक नाही. त्यांना ते पटवून देणाऱ्या पेशी सापडल्या आहेत. त्यांना कामास लावण्याची विद्या अजून शिकली जात आहे. ती पुरी शिकून होईपर्यंत आईने दिलेले जपण्याचे काम सकाळ-संध्याकाळच्या त्या गोळ्यांचे आहे.